पिंजऱ्यातला भुसा आणि छातीतला दमा

आमच्या वस्तीतील एक भाऊ औषधांच्या एका प्रयोगशाळेत कामाला आहेत. त्यांचे नाव आणि संस्थेचे नाव इथे देत नाही. कोणावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. जे त्यांच्या वाट्याला आले ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

भाऊंचे काम प्राणिगृहात. तिथे सगळे त्याला 'अ‍ॅनिमल हाऊस' म्हणतात. पांढरे उंदीर, गिनीपिग आणि ससे. सकाळी गेल्यावर पिंजरे रिकामे करायचे, ओला भुसा पिंपात झटकायचा, पिंजरे धुवायचे, नवा भुसा घालायचा, खाणे-पाणी ठेवायचे आणि शेवटी फरशी झाडायची. पगार फार नव्हता, पण काम छपराखालचे. वहिनी म्हणायच्या, "बिगारीपेक्षा बरं आहे. डोक्यावर ऊन तर नाही."

पाच-सहा महिन्यांनी भाऊंना शिंका सुरू झाल्या. पिंजऱ्यांच्या खोलीत शिरले की दहा-पंधरा शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. घरी आले की थोडे बरे वाटे. रविवारी तर काहीच नाही. सोमवारी पुन्हा तेच. वहिनींनी आले-तुळशीचा काढा दिला, वाफ दिली. पण ही सर्दी जाईना. पुढे उंदीर हातावरून चालला तर तिथे गांधी उठू लागल्या. भाऊ औषधाच्या दुकानातून गोळी आणायचे, ती खाऊन कामावर जायचे. साहेबांना काही सांगितले नाही. कारण उघड होते. नोकरी कंत्राटी. "सांगितलं तर म्हणतील, उद्यापासून येऊ नको," हे त्यांचे उत्तर.

दुसऱ्या वर्षी रात्रीचा खोकला लागला. शेजारी-पाजारी टीबीची कुजबुज सुरू झाली. थुंकी तपासली, टीबी नव्हता. तिसऱ्या वर्षी एके दिवशी पिंजरे झटकता झटकता छाती आवळून आली, श्वास आत जाईना, बोलता येईना. सोबत्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी असा प्रश्न विचारला, जो तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता. "तुम्ही काम काय करता?"

भाऊंना जडला होता तो दमा कामामुळे आलेला होता. तो टाळता आला असता, आणि टाळता येतो, म्हणूनच हा लेख.

कोणासाठी हे महत्त्वाचे?

आपण घेतो त्या लसी आणि औषधे माणसांपर्यंत येण्यापूर्वी फार मोठ्या प्रमाणात प्राण्यांवर तपासली गेलेली असतात. ही परंपरा आपल्या मुंबईतही जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी इथेच प्लेगवरची लस तयार केली. ती आधी सशांवर तपासली आणि १८९७ च्या जानेवारीत स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांचे नाव लावलेली संस्था परळला आजही उभी आहे. इतिहासात शास्त्रज्ञांची नावे राहतात, आणि ती राहावीतच. परंतु ज्यांनी त्या सशांना चारा घातला, पिंजरे धुतले, त्यांची नावे कुठे लिहिलेली नसतात.

आजही वैद्यकीय महाविद्यालये, औषधनिर्माण महाविद्यालये, लस आणि औषधांचे कारखाने, संशोधन संस्था अशा ठिकाणी प्राणिगृहे आहेत. तिथे अटेंडंट, सफाई कामगार, पिंजरे धुणाऱ्या भगिनी, प्रयोगशाळा सहायक अशी कष्टकरी घरांतली माणसे राबतात. शिकून पुढे गेलेली आपली मुले-मुली तिथे संशोधनही करतात. या सर्वांना हा धोका सारखाच आहे. किंबहुना जो रोज पिंजरा झटकतो त्याला तो अधिक आहे.

अ‍ॅलर्जी म्हणजे काय?

बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंशी लढण्यासाठी आपल्या शरीरात संरक्षणाची एक यंत्रणा असते. काही वेळा ही यंत्रणा निरुपद्रवी वस्तूलाही शत्रू समजते आणि तिच्याविरुद्ध एक विशिष्ट प्रकारचे प्रतिपिंड तयार करून ठेवते. ही तयारी गुपचूप चालते. त्या काळात माणसाला काहीच जाणवत नाही. एकदा तयारी पूर्ण झाली की ती वस्तू नाकात किंवा डोळ्यात गेल्याबरोबर शरीर एकदम पेटून उठते. शिंका, पाणी, खाज, सूज, श्वासनलिका आवळणे हे सर्व त्या पेटण्याचे परिणाम.

म्हणूनच भाऊंना पहिले पाच-सहा महिने काही झाले नाही. "इतके दिवस काम केले, तेव्हा कुठे झाले काही?" असा युक्तिवाद अनेकजण करतात. तो चुकीचा आहे. प्राणिगृहात काम करणाऱ्यांपैकी ज्यांना अ‍ॅलर्जी होते, त्यांच्यातील बहुतेकांना ती पहिल्या तीन वर्षांत होते. काहींना त्यानंतरही होते.

हा आजार संसर्गजन्य नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. भाऊंचे पाण्याचे भांडे वेगळे ठेवण्याची काहीच गरज नव्हती. काही दिवस ते वेगळे ठेवले गेले, याचे वहिनींना आजही वाईट वाटते.

दोष केसांचा नव्हे

बहुतेकांची समजूत असते की ही अ‍ॅलर्जी प्राण्यांच्या केसांमुळे होते. खरा गुन्हेगार वेगळाच आहे. उंदरांच्या मूत्रात काही प्रथिने असतात, आणि सर्वांत जास्त त्रास त्यांचाच होतो. नराच्या मूत्रात ही प्रथिने मादीपेक्षा अधिक असतात. गिनीपिग आणि ससे यांच्या बाबतीत लाळ, त्वचेचा कोंडा आणि केसांना चिकटलेले कण यांचाही वाटा मोठा असतो.

मूत्र भुशात जिरते. भुसा वाळतो. वाळलेल्या भुशाची धूळ होते आणि त्या धुळीवर ही प्रथिने स्वार होतात. यातले बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत, पण खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. दार उघडे असेल तर शेजारच्या बोळात आणि खोल्यांतही जातात. त्यामुळे प्राण्याला हातही न लावणाऱ्या कारकुनाला किंवा बोळ झाडणाऱ्या बाईलाही त्रास होऊ शकतो.

सर्वांत जास्त धूळ कधी उडते? पिंजरा बदलताना, भुसा पिंपात ओतताना आणि कोरड्या झाडूने फरशी झाडताना. म्हणजे जी कामे सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे असतात, नेमकी तीच कामे सर्वांत धोक्याची.

किती जणांना हा त्रास होतो? अमेरिकेतील कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यासाठी असलेल्या 'नायॉश' या राष्ट्रीय संस्थेने १९९८ साली या विषयावर एक इशारापत्रक काढले. प्राण्यांबरोबर काम करणाऱ्यांपैकी एक तृतीयांश लोकांपर्यंत अ‍ॅलर्जीची लक्षणे आढळतात आणि सुमारे दहा टक्के लोकांना दम्याची लक्षणे होतात, असे त्यात म्हटले आहे. इंग्लंडमध्ये तर १९८२ सालीच प्रयोगशाळेतील प्राण्यांमुळे होणाऱ्या दम्याला कामामुळे होणारा आजार म्हणून सरकारी यादीत स्थान मिळाले. म्हणजे भाऊंचा आजार हा त्यांच्या नशिबाचा भोग नव्हता. जगाला ठाऊक असलेला, कागदोपत्री नोंदलेला हा आजार आहे.

आजाराच्या पायऱ्या

हा आजार बहुधा पायरीपायरीने चढतो. पहिली पायरी नाकाची आणि डोळ्यांची, म्हणजे शिंका, नाक गळणे किंवा चोंदणे, डोळे लाल होऊन खाजणे. दुसरी त्वचेची. प्राण्याने ओरखडले किंवा मूत्र लागले की तिथे गांधी उठतात. तिसरी छातीची. खोकला, विशेषतः रात्रीचा, छातीत घरघर, जिना चढताना धाप, छाती आवळल्यासारखी वाटणे. याच क्रमाने सर्वांना होते असे नाही, परंतु नाकाचा त्रास आधी आणि छातीचा नंतर, असे पुष्कळदा दिसते.

या क्रमातच बचावाची संधी आहे. शिंकांच्या पायरीवर जो थांबला, त्याची छाती वाचण्याची शक्यता मोठी असते. दमा सुरू झाल्यावरही जो त्या धुळीपासून लवकर दूर झाला, तो बरा होण्याची आशा अधिक. जो वर्षानुवर्षे गोळ्या खाऊन त्याच धुळीत उभा राहिला, त्याचा दमा पुढे काम सोडल्यावरही राहू शकतो. शिंका थांबवणारी गोळी शिंक थांबवते, धूळ थांबवत नाही. शिवाय यांतल्या जुन्या गोळ्यांनी झोप येते. दुचाकी चालवणाऱ्याने आणि यंत्राजवळ काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

ओळखण्याची साधी खूण कोणती? कामाच्या दिवशी त्रास आणि सुटीच्या दिवशी आराम. गावी आठ दिवस गेल्यावर खोकला पळाला आणि कामावर येताच परत आला, तर समजावे की हवापाण्याचा दोष नाही. मात्र आजार जुना झाला की एक-दोन दिवसांच्या सुटीत आराम पडेनासा होतो, आणि मग ही खूणही पुसट होते.

आधी संस्थेने काय करावे?

पुष्कळ ठिकाणी कामगाराला एक कापडी मास्क दिला की जबाबदारी संपली असे समजतात. खरे तर मास्क ही शेवटची भिंत आहे. पहिली भिंत म्हणजे धूळ उडूच न देणे. ते संस्थेच्या हातात असते.

लाकडाच्या बारीक, धुळकट भुशाऐवजी कमी धुळीचे अंथरूण वापरता येते. पिंजऱ्यांवर गाळणीचे झाकण बसवता येते. प्रत्येक पिंजऱ्याची हवा वेगळी खेचून गाळणारे पिंजरेही आता मिळतात. भुसा ओतण्याची जागा अशी असावी की हवा कामगाराच्या तोंडाकडे न येता आत खेचली जाईल. एका खोलीत दाटीवाटीने पिंजरे ठेवू नयेत. पिंजऱ्यांच्या खोलीतली हवा बाहेरच्या बोळात येणार नाही अशी रचना असावी.

आपल्या देशात प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवण्यासाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची समिती आहे. प्राणिगृह कसे असावे याची मार्गदर्शक तत्त्वे तिने घालून दिली आहेत. खोलीतली हवा तासाला बारा ते पंधरा वेळा बदलावी, असे त्यांत आहे. कर्मचाऱ्यांना हातमोजे, मास्क, टोपी, अंगरखा द्यावा, हातपाय धुण्याची आणि अंघोळीची सोय असावी, प्राण्यांच्या खोलीत खाणे-पिणे-धूम्रपान करू देऊ नये, हेही आहे. आणि आपल्या घरांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, कामाचे कपडे संस्थेने पुरवावेत आणि संस्थेनेच धुवून द्यावेत, ते घालून प्राणिगृहाबाहेर जाऊ नये, असेही त्यांत म्हटले आहे. तेव्हा धुतलेला अंगरखा मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

आपण काय करावे?

संस्थेने करायचे ते करवून घेत असतानाच आपल्या हातातले आपण सोडू नये.

भुसा झटकू नका. पिंपाच्या तोंडाशी पिंजरा नेऊन हळू ओता. ओतण्याआधी हलकासा पाण्याचा फवारा मारता आला तर धूळ बसते. कोरडा झाडू बंद करा, ओल्या फडक्याने पुसा. वापरलेल्या भुशाची पिशवी दाबून हवा काढू नका, कारण ती हवा तुमच्याच तोंडावर येते.

मास्क कोणता? साधा निळा किंवा कापडी मास्क गालांच्या बाजूने उघडा राहतो आणि बारीक कण तिथून आत शिरतात. कोरोनाच्या काळात सर्वांच्या ओळखीचा झालेला एन-९५ मास्क इथे उपयोगी पडतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. नाकावरची पट्टी दाबून बसवावी. दाट दाढीवर तो नीट बसत नाही. ओला झालेला किंवा मळलेला मास्क आठवडाभर वापरणे म्हणजे स्वतःची फसवणूक.

हातमोजे घालाच. मात्र पावडर लावलेल्या रबरी मोज्यांचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते. हातांना खाज येत असेल तर नायट्रिलचे मोजे मागा. बाह्या मनगटापर्यंत असाव्यात. डोक्यावर टोपी हवी, आणि भगिनींनी वेणी, पदर किंवा ओढणी पूर्ण अंगरख्याच्या आत घ्यावी. डबा, पाण्याची बाटली आणि मोबाईल प्राण्यांच्या खोलीत नेऊ नये. मोज्याच्या हाताने डोळा किंवा नाक चोळू नये.

बिडी-सिगारेटबद्दल निराळे सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो. ज्या छातीला आधीच धुळीशी झुंजायचे आहे, तिच्यात धूर भरू नये.

धूळ घरी येते

आता घरातल्या भगिनींसाठी. भाऊ आपला अंगरखा पिशवीत घालून घरी आणत. वहिनी तो दारात झटकून, मुलांच्या शाळेच्या कपड्यांबरोबर भिजवत. आमच्यापैकी कितीतरी घरांत हेच चालते. साखर कारखाना असो की सूतगिरणी, कामाचे कपडे धुणे हे बाईचे काम, असे आपण धरून चालतो.

नेदरलँडमध्ये संशोधकांनी प्राणिगृहातील कामगारांच्या डोक्यावरच्या टोप्या आणि घरच्या गाद्यांमधली धूळ तपासली. २००७ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. टोप्यांवर प्राण्यांची प्रथिने सापडली, आणि कामगारांच्या गाद्यांतही ती इतरांच्या गाद्यांपेक्षा जास्त सापडली. उंदीर प्रयोगशाळेत आणि त्याचा अंश अंथरुणात! त्याआधी १९९९ साली पोलंडमधील संशोधकांनी अशा कामगारांच्या मुलांची तपासणी प्रसिद्ध केली होती. ज्यांच्या आई-वडिलांचा प्रयोगशाळेतील प्राण्यांशी संबंध होता, त्या मुलांच्या शरीरात त्या प्राण्यांविरुद्धची अ‍ॅलर्जी इतर मुलांपेक्षा अधिक आढळली. ही मुले प्राणिगृहात कधी कामाला गेली नव्हती.

म्हणून नियम असा करावा. अंगरखा, टोपी आणि कामाची चप्पल कामावरच ठेवायची. निघण्यापूर्वी हात, कोपरापर्यंतचे दंड आणि चेहरा साबणाने धुवायचा. सोय असेल तर तिथेच डोक्यावरून अंघोळ करायची. नसेल तर घरी आल्यावर मुलांना उचलून घेण्याआधी आणि अंथरुणाला पाठ टेकण्याआधी अंघोळ करायची. काही कारणाने कपडे घरी आणावेच लागले तर बंद पिशवीत आणावेत, झटकू नयेत, थेट पाण्यात बुडवावेत आणि वेगळे धुवावेत. ते धुण्याचे काम स्वतः त्या गड्यानेच केले तर अधिक चांगले.

"सांगितले तर नोकरी जाईल"

ही भीती खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कंत्राटी माणसाला आज आहे, उद्या नाही. परंतु भाऊंच्या घरचा हिशेब पाहा. न सांगितल्यामुळे तीन वर्षे गोळ्यांचा खर्च झाला, पंधरा दिवस दवाखाना झाला, त्या दिवसांचा रोज बुडाला, वहिनींना दोन घरची भांडी धरावी लागली, आणि अखेर सांगावे लागलेच. शिंकांच्या पायरीवर सांगितले असते तर सांगण्याजोगे थोडे आणि सावरण्याजोगे पुष्कळ होते.

सांगावे कसे? एकट्याने आणि तोंडी सांगू नये. त्रास कोणत्या तारखेला, कोणते काम करताना झाला आणि सुटीत कसा होता, हे एका वहीत लिहून ठेवावे. मुलगा-मुलगी शिकत असतील तर त्यांच्याकडून लिहून घ्यावे. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. एकाला त्रास आहे तर बहुधा दुसऱ्यालाही असतो. चार सह्यांचा अर्ज एका सहीपेक्षा जड असतो. संघटना असेल तर तिच्यामार्फत द्यावा. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक नीतिसमिती असते आणि तिच्यावर संस्थेबाहेरचे सदस्यही असतात. ती मुख्यतः प्राण्यांसाठी असली, तरी प्राणिगृहाची अवस्था तिच्यापुढे मांडता येते.

अर्जात काय मागावे? "मला काढू नका" एवढेच नव्हे. दुसऱ्या खात्यात बदली, धुळीच्या कामातून सुटका, योग्य मास्क, संस्थेकडून कपडे धुण्याची सोय आणि कामावर घेताना व नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी.

तपासणीबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. ज्यांना लहानपणापासून दमा, गजकर्णासारखी दिसणारी जुनाट खाज किंवा धुळीची अ‍ॅलर्जी आहे, त्यांना या कामात धोका अधिक असतो. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे काम धरावे. परंतु अशा सर्वांनाच हा आजार होतो असे नाही, आणि पूर्वी काहीच नव्हते अशांनाही तो होतो. त्यामुळे "तुझीच प्रकृती नाजूक" असे म्हणून कोणी हात झटकत असेल तर ते खरे मानू नये.

डॉक्टरांकडे जाताना

ईएसआयचे कार्ड असेल तर त्या दवाखान्यात, नाहीतर सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाच्या छातीविकार विभागात जावे. डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, आपण होऊन सांगावे, "मी प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे साफ करतो." या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते. त्वचेवर टोचून किंवा रक्त तपासून अ‍ॅलर्जी कशाची आहे ते पाहता येते. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजण्याचे एक लहानसे यंत्र मिळते. तीन-चार आठवडे दिवसातून चार वेळा, कामाच्या आणि सुटीच्या दोन्ही दिवशी, त्यावरचे आकडे लिहून ठेवले तर दमा कामामुळे आहे की नाही हे डॉक्टरांना कळते. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीचीही तपासणी करून घ्यावी, म्हणजे टीबीची शंका राहत नाही.

डॉक्टरांनी पंप दिला तर तो घ्यावा. "पंपाची सवय लागते" ही समजूत चुकीची आहे. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, त्यामुळे थोडक्यात काम होते. बरे वाटले म्हणून तो मनाने बंद करू नये.

आणि एक धोका विसरता येणार नाही. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला उंदीर चावला किंवा प्राण्यावर वापरलेली सुई टोचली, तर क्वचित प्रसंगी सर्व अंगावर एकदम गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, श्वास कोंडतो, चक्कर येते. हे जिवावरचे संकट आहे. घरी जाऊन पडू नये. ताबडतोब जवळच्या दवाखान्यात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चक्कर येत असेल तर आडवे झोपवून पाय उंच करावेत, श्वास लागत असेल तर बसू द्यावे. अ‍ॅड्रेनालीनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो.

भाऊ आज

दवाखान्यातून सुटल्यावर भाऊंनी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेतली आणि सोबतच्या तिघांना घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. तिघांपैकी दोघांना शिंका होत्याच, त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते. महिनाभर चालढकल झाली. नंतर भाऊंना भांडारात घेतले. तिथे खोकी मोजायची, नोंदी करायच्या. पगार तेवढाच. प्राणिगृहात आता चांगले मास्क येतात आणि अंगरखे संस्थेतच धुतले जातात.

भाऊंचा दमा पूर्ण गेलेला नाही. थंडीत पंप जवळ ठेवावा लागतो, आणि दुसऱ्या मजल्यावर चढताना ते मधल्या वळणावर थांबतात. प्राणिगृहात नवा मुलगा लागला की भाऊ त्याला चहाला बोलावतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "शिंका येतात का रे?"

मुलगा "नाही" म्हणाला तर ते सांगतात, "आल्या की त्याच दिवशी ये. माझ्यासारखी तीन वर्षं थांबू नकोस."